मान फिरते की धड?

माझ्या पुतणीचं लग्न माझ्या मानेनं मोडत आणलं होतं.

मुलाकडची मंडळी बोलणी करायला आली होती. घरात वयानं मोठा मी, म्हणून धाकट्या भावानं मला मधल्या खुर्चीवर बसवलं. अशा बैठकीत मला खरं तर पानाच्या तबकाशेजारी ठेवायला हवं, मधोमध नाही. पण भावाचा वडीलधाऱ्यांवर विश्वास. मुलाचे वडील सावकाश बोलणारे गृहस्थ. ऊन, संत्र्याचा बहार, एसटीची गर्दी असं करत करत ते साखरपुड्याच्या मुद्द्यावर आले आणि माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, साक्षगंध आमच्याकडे केलं तर आपल्याला चालेल ना? नेमकी त्याच वेळी माझ्या मानेत कळ आली. ती उजव्या कानामागून निघायची आणि खांद्यावरून कोपरापर्यंत उतरायची. ती झटकायला मी मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे केली, डोळे मिटले आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. डोळे उघडले तेव्हा पाहुण्यांनी कप खाली ठेवले होते आणि भाऊ माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी त्याचा कोणीच लागत नाही.

भावाला मग त्यांच्या घरी जाऊन सांगावं लागलं की दादांचा नकार नव्हता, दादांची मान दुखते. त्यावर तिकडून चौकशी आली की हे मानेचं घराण्यात आहे का. लग्न झालं एकदाचं, पण तोवर आमच्या सगळ्या पिढ्यांच्या माना तपासून झाल्या होत्या.

पाहुणे गेले त्याच संध्याकाळी बायकोनं निकाल दिला. "सोमवारी सरकारी दवाखान्यात चला. आता तुमची मान तुमच्या एकट्याची राहिली नाही."

मी ड्राफ्ट्समन होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. पूल, मोऱ्या, रस्ते, सगळं आमच्या हातून आधी कागदावर उतरायचं. दिवसभर बोर्डावर वाकायचं, ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं रेघ ओढायची, आणि रेघ ओढताना श्वाससुद्धा धरून ठेवायचा. वर्षानुवर्षं असं वाकल्यावर मानेनं तक्रार केली तर तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिची वेळ मात्र चुकली. उमरेडच्या पुढच्या एका नाल्यावर पूल होणार होता. तिथे तेव्हा नुसता रपटा होता, पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जायचं. माझी बायको उमरेडकडची. माहेरहून येताना पाणी उतरायची वाट पाहत एसटीत बसून राहणं तिनं बरेचदा भोगलं होतं. तो पूल काढायची माझी फार इच्छा होती. मोठे साहेब म्हणाले होते, पावसाळा संपला की कागद बोर्डावर येईल. पण तोवर मान सुधारली नाही तर तब्येतीच्या दृष्टीनं तुम्हाला रेकॉर्ड रूम बरी. साहेबांनी हे मायेनं सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली. रेकॉर्ड रूमला खिडकी नव्हती, आणि तिकडे गेलेला माणूस परत बोर्डावर आलेला कोणी पाहिला नव्हता.

धरमपेठेतल्या एका डॉक्टरांनी मला गळ्याला पट्टा दिला होता आणि मान अजिबात हलवू नका असं बजावलं होतं. पाहुण्यांसमोर तेवढा तो मी काढून ठेवला होता. हुकूम पाळायची मला सरकारी सवय. मी मान इतकी हलवली नाही की शेवटी कळ आली की तेवढी ती जराशी हलायची, एरवी हलायचं विसरूनच गेली.

तर सोमवारी मी दवाखान्यातल्या लांब व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या खोलीत गेलो. बाहेरच्या पाटीवर भलंमोठं इंग्रजी नाव होतं, पण पेशंटपासून पट्टेवाल्यापर्यंत सगळे त्या खोलीतल्या गृहस्थांना कसरतवाले म्हणायचे. मीही तेच म्हणतो. उंच, वाळके, पांढरी पँट, पायात कॅनव्हासचे बूट. भिंतीवर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला एक एक मानेचा पट्टा टांगलेला. मला वाटलं, इथे विकतही मिळतात.

त्यांनी माझा एक्स-रे उजेडाकडे धरला आणि टेबलावर ठेवला. मग माझा पट्टा सोडवला आणि ते माझ्या मागे गेले. बराच वेळ काहीच आवाज नाही. गेले की काय, असं मला वाटेपर्यंत थांबले आणि त्यांनी जस्ताचा ट्रे दाणकन जमिनीवर टाकला. मी स्टुलासकट मागे वळलो.

"पाहा," ते म्हणाले, "मान नाही फिरली, धड फिरलं. दार उघडाले कोणी घराची भिंत फिरवते का जी?"

एवढं बोलून त्यांनी माझा पट्टा एका रिकाम्या खिळ्याला अडकवला. मी परत मागितला तर म्हणाले, तो आता सरकारजमा. सरकारी नोकरानं सरकारी नोकराचा माल जप्त केल्याचं हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

त्यांच्या कसरती पाहायला गेलं तर काहीच नव्हत्या. म्हणूनच मला त्यांचा संशय आला. शेक नाही, वजन नाही, औषध नाही. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि हनुवटी मागे ओढायची, डोक्यानं भिंत हळूच शोधायची. खांदे कानांपर्यंत न्यायचे आणि सोडून द्यायचे. खांद्यांची मागची दोन्ही पाती एकमेकांकडे ओढायची. खाटेवर उताणं पडून डोकं किंचित उचलायचं. मान डावीकडे न्यायची, जाईल तिथपर्यंतच, आणि घाई न करता परत आणायची. आणि सगळ्यात महत्त्वाची कसरत म्हणजे तळहात कपाळाला लावून हातानं डोकं मागे ढकलायचं, डोक्यानं हात पुढे ढकलायचा.

"कोणीच जिंकाचं नाही," त्यांनी सांगितलं. "लग्न झालं आहे नं तुमचं? मग समजून जाल."

थोडं दुखेल, त्याला भिऊ नका. बोटांत मुंग्या उतरल्या तर मात्र थांबा आणि माझ्याकडे या, हेही त्यांनी सांगितलं. आणि शेवटी हे रोज करायचं, बरं वाटलं तरी करायचं, असं सांगून ते माझ्याकडे पोलिसासारखे पाहत राहिले. "तुम्ही करणार नाही," ते म्हणाले. "कोणीच नाही करत. सारे येऊन खोटं बोलतात."

मी अर्थातच करीन म्हणालो. म्हणजे खोटं बोलायला मी तिथूनच सुरुवात केली.

माझी समजूत होती की गोष्ट इथे संपली, आता पंधरवड्यानं जायचं. पण त्याच आठवड्यात संध्याकाळी दारात सायकलची घंटी वाजली. कसरतवाले. आत आले, पाणी प्यायले, मला एक शब्द विचारला नाही. सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बायकोला म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. करून राहिले का हे?"

माझी बायको खोटं बोलत नाही. तिच्या स्वभावातला हा दोष मी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सोसतो आहे. ती म्हणाली, "परवा केली. काल पेपर वाचत होते."

त्यांना हे व्यसनच होतं. दवाखाना सुटला की सायकल काढायची आणि पेशंटांच्या घरी अचानक जाऊन थडकायचं. कोणाच्या घरी जेवणाच्या वेळी, कोणाच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असताना. मला म्हणाले होते, डॉक्टरची गोळी पेशंटच्या पोटात गेली की डॉक्टर मोकळा. माझी गोळी पेशंटनं रोज स्वतः बनवून खायची आहे, मी कसा मोकळा होऊ? आणि रस्त्यावरची त्यांची परीक्षा तर प्रसिद्ध होती. सीताबर्डीच्या गर्दीत पाठीमागून सायकलवर येत आणि हाक मारत. हाकेसरशी ज्याची मान वळली तो पास. त्याच्याकडे बघतही नसत, पॅडल मारून पुढे. ज्याचं धड वळलं त्याच्याजवळ सायकल थांबलीच म्हणून समजा. मी एकदा पानाच्या ठेल्यावर उभा असताना मागून "ओ ड्राफ्समन" असं आलं आणि मी पानासकट, पिशवीसकट वळलो. पुढचा सगळा वेळ ठेल्याला टेकून उभ्यानं हनुवटी मागे ओढण्यात गेला. पानवाल्यानं पाहून पाहून स्वतःही केली आणि बरं वाटतं म्हणाला. मला तोही त्यांना सामील वाटला.

सरकारी माणूस, पगारापलीकडे छदाम मिळत नाही, आणि घरोघर फिरतो. कशासाठी? आमच्या ऑफिसात शेजारच्या बोर्डावर माझा एक सोबती होता. जगातल्या कुठल्याही गोष्टीमागे दुसरी गोष्ट असते यावर त्याची श्रद्धा.

"फुकट कोणी कोणाच्या घरी येते का गा?" तो म्हणाला. "तो पट्टे काहून जमा करून राहिला, हे पाह्य आधी."

त्याचं म्हणणं असं की जप्त केलेले पट्टे बाजारात परत विकायला जातात. दुसऱ्या दिवशी त्याचं मत बदललं. तो म्हणाला की हा मोठ्या साहेबांचा माणूस; तुझी मान खरंच दुखते की कामचुकारपणा आहे, हे बघायला पाठवतात. हे मला जास्त पटलं. कारण एकदा कसरतवाल्यांनी मला विचारलं होतं की तुमच्या पुलाचा कागद कधी येणार. पुलाचं त्यांना कोणी सांगितलं? घरी येऊन बायकोला विचारलं तर ती म्हणाली, मीच सांगितलं, चहा पिताना. मग मला बायकोचाही संशय यायला लागला.

मी सावध झालो. घंटी ऐकू आली की पेपर टाकायचा, भिंतीला पाठ लावायची आणि ते आत येईपर्यंत घाम आल्यासारखा चेहरा करायचा. काही दिवस हे छान चाललं. मग ते सायकल कोपऱ्यावर ठेवून पायी येऊ लागले.

पण एक सांगायला हवं. पकडले जाऊ या भीतीनं का होईना, कसरत होत होती. आणि कळ कोपरापर्यंत उतरायची ती खांद्यावरच थांबायला लागली. हेही मला संशयास्पदच वाटलं. ऋतू बदलला म्हणून असेल, असं मी सोबत्याला सांगितलं.

आणि मग लकडगंज. खाटेची एक पट्टी मोडली होती म्हणून मी लाकूड बघायला गेलो होतो. एका वखारीसमोर कसरतवाले उभे, माझ्याकडे पाठ, फळीवर हात फिरवताहेत. माझ्या मनात आलं, आज आपण परीक्षा घ्यावी. मी दबक्या पावलानं मागे गेलो आणि जोरात हाक मारली.

ते वळले. पण कसे? आधी बूट वळले, मग गुडघे, मग कंबर, मग छाती, आणि सगळ्यात शेवटी, छातीला चिकटून, चेहरा. बैलगाडी वळावी तसे. मान तसूभर फिरली नाही.

माझ्या डोळ्यांपुढून मागचे सगळे प्रसंग गेले. ते सायकलवरून कधी मागे पाहत नसत. चहा पिताना बशी तोंडापर्यंत उचलत, कधी बशीकडे वाकत नसत. आमच्या घरात एवढ्या वेळा बसले आणि बाजूच्या माणसाशी बोलायला नेहमी खुर्चीच सरकवत. आणि मी, कागदावरची केसाएवढी चूक पकडणारा ड्राफ्ट्समन, समोरच्या माणसाची अख्खी मान मला दिसली नव्हती.

त्यांनी मला ओळखलं, नमस्कार केला, फळीचा विषय काढला. मी हो हो करून निघालो. सोबत्याला सांगितलं तेव्हा तो बोर्डावर हात आपटून हसला. स्वतःची मान जाम, आणि गावाच्या माना फिरवत हिंडतो. मी त्याच दिवशी बाजारातून नवा पट्टा आणला. जप्त झालेलाच परत विकला नसेल ना, म्हणून आतून-बाहेरून नीट पाहिला. माझ्या जुन्या पट्ट्यावर शाईचा डाग होता, तो याच्यावर नव्हता. कसरती बंद केल्या. त्या दिवसापासून बायकोच्या हातून भाजीत मीठ थोडं जास्त पडायला लागलं.

आठ-दहा दिवसांत कळ पुन्हा कोपरापर्यंत आली. पाऊस ओसरत आला होता. रेकॉर्ड रूमच्या बाबूनं मला व्हरांड्यात गाठून, तुमच्यासाठी पंख्याजवळचं टेबल ठेवू का, असं प्रेमानं विचारलं.

कसरतवाले आले ते मी पट्ट्यात मान रोवून बसलो असताना. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, खुर्ची माझ्यासमोर सरकवली. बायकोनं चहा आणला. मी वाट पाहिली नाही.

"तुमची स्वतःचीच मान फिरत नाही," मी म्हणालो. "लकडगंजात पाहिलं मी. मग आम्हाला काय शिकवता?"

बायको दाराशी थबकली. कसरतवाल्यांनी बशी उचलून तोंडापर्यंत नेली, चहा संपवला.

"पाहिलं नं? बरं झालं," ते म्हणाले. "माझी नाही फिरत, म्हणून तर तुमची पाहून राहिलो."

पुढे त्यांनी जे सांगितलं ते अगदी थोडक्यात. तरुणपणी संत्र्यांनी भरलेल्या ट्रकवरून पडले. हाड मोडलं नव्हतं, पण प्लॅस्टर घातलं, नंतर पट्टा, आणि सांगितलं मान हलवायची नाही. घरात आजारपणाचा धाक, आई उशीसुद्धा सरकवू द्यायची नाही. पट्टा काढायचा दिवस कोणी सांगितलाच नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. "मी फार आज्ञाधारक होतो जी," ते म्हणाले. "कोणी नुसतं येऊन पाहिलं असतं नं एकदा..." एवढं बोलून ते उठले. उठता उठता सांगितलं की कसरतीचं शिक्षण घेतलं तोवर स्वतःच्या मानेला उशीर झाला होता.

दारापाशी गेल्यावर सगळं अंग वळवून म्हणाले, "हा पट्टा मी नाही नेत. ठेवा तुमच्यापाशी." जप्ती करण्याइतकीसुद्धा आशा त्यांना माझ्याबद्दल उरली नव्हती, हे माझ्या मनाला लागलं.

ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, ट्रकची गोष्ट खरी असेल कशावरून? पुढे दवाखान्यातल्या पट्टेवाल्यानं मला सांगितलं की ते जन्मापासून तसेच आहेत, आणि सीताबर्डीच्या पानवाल्याला कोणी सांगितलं होतं की त्यांना बैलानं मारलं. यातलं खरं कोणतं, मला आजही माहीत नाही. पण त्या संध्याकाळी बायको एवढंच म्हणाली, "त्यायची गोष्ट खोटी असली तरी तुमची कळ तर खरी आहे नं?" आणि तिनं भिंतीपासची ट्रंक ओढून बाजूला केली, माझ्या पाठीला भिंत मिळावी म्हणून.

मी पट्टा सोडला.

दिवाळीच्या आधी पुलाचा कागद आला. साहेबांनी तो माझ्याच बोर्डावर ठेवला, पण शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून. शाईचं काम सुरू झालं की मधे सोडता येत नाही. माझा जीव टांगणीला. मी ठरवलं, काही रेघा ओढायच्या आणि सरळ उभं राहायचं, खांदे वर-खाली, हनुवटी मागे, मग पुन्हा वाकायचं. बोर्डही विटा लावून वर केला. तळहातानं स्वतःचं कपाळ ढकलत असताना साहेबांनी काळजीनं विचारलं, डोकं दुखतंय का? मी म्हणालो, नाही साहेब, कसरत. त्यांनी चष्मा काढून पुसला. आपल्याला दुसरा माणूस बघावा लागेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रोज येऊन ते बघून जायचे, आणि मी त्यांच्यासमोर कपाळ ढकलायचो. सोबती दुसरीकडे तोंड करून हसायचा.

दुखलं नाही असं नाही. पण दुखणं खांद्यापाशी येऊन बसायचं आणि मी उभा राहिलो की उठून जायचं. पुलाच्या कमानी, खांब, तळाचा पाया, सगळं कापडावर उतरलं. साहेबांनी सही केली, कापड गुंडाळलं आणि पुढचा कोरा कागद माझ्या बोर्डावर ठेवला. रेकॉर्ड रूमचा विषय मग कोणी काढला नाही.

त्याच दिवशी मी पेढे घेऊन दवाखान्यात गेलो. खोलीत एक बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या आणि कसरतवाले त्यांच्याकडे संशयानं पाहत होते. मी पुडा पुढे केला, पुलाचं सांगितलं. मला वाटलं होतं, माणूस आज तरी हसेल. त्यांनी पुड्याला हात लावला नाही.

"परत न्या," ते म्हणाले. "पेढे आले म्हंजे पेशंट गेला. दुखणं थांबलं की लोक आधी पेढे आणतात आणि मग कसरत सोडतात. वर्षभर करा, मग आणा."

मी बरंच समजावलं. त्या बाईंनीही, घ्या हो, एवढ्या आनंदानं आणलेत, असं सांगून पाहिलं. त्यावर त्यांनाच हनुवटी नीट मागे घ्यायची तंबी मिळाली. मी पुडा बगलेत मारून घरी आलो तो तणतणतच. म्हटलं, सगळ्या नागपुरात एवढा संशयी माणूस दुसरा नसेल. आनंदानं पेढे न्यावेत तर माणूस आपल्यावर आरोप ठेवतो. मी काही कालचं पोर आहे का कसरत सोडायला?

बायकोनं पुडा हातातून घेतला, सोडला, एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "मग त्यायचं काय चुकलं जी? आज सकाळी तुम्ही कुठं केली?"